नुरा कुस्तीचे पंच

माझ्या नवऱ्याला खोटं खपत नाही. ऐकायला हे फार बरं वाटतं, नांदायला नाही. पुतण्याच्या साखरपुड्यात पंगत बसलेली असताना ह्यांनी एका माणसाला हाक मारून भाताला मीठ कमी असल्याचं खणखणीत आवाजात सांगितलं. तो आचारी नव्हता, मुलीचा मामा होता. ते कळल्यावरही ह्यांनी मीठ कमी असल्याचंच सांगितलं.

नाव लालासाहेब मोहिते. फौजेत नायब सुभेदार होते, त्यामुळे आमच्या घोगरवाडीत आणि सगळ्या पलूस तालुक्यात लोक त्यांना सुभेदारच म्हणतात. पेन्शनीत आल्यावर त्यांनी जत्रांच्या कुस्त्यांना पंच म्हणून जायला सुरुवात केली आणि बऱ्याच लोकांची जत्रेतली मजा घालवली. दोन पैलवानांनी आधी आपसात ठरवून लढलेल्या कुस्तीला आमच्याकडे नुरा म्हणतात. नुरा ओळखण्यात ह्यांच्या तोडीचा पंच मिळायचा नाही. एका गावात सरपंचाचाच भाचा नुरा करताना सापडला, तर ह्यांनी दोन्ही पैलवानांना भर मैदानातून हाकलून दिलं. त्या गावावरून जायची वेळ आली की आम्ही अजून एसटीची खिडकी लावून घेतो.

अशा माणसाची एकुलती एक लेक नुरा कुस्ती करून पोट भरत होती, आणि ते फक्त मला ठाऊक होतं.

क्रांतीला कुस्ती ह्यांनीच शिकवली. पोरगी चांगली लढायची. मग डावा गुडघा गेला. सांगलीला ऑपरेशन झालं, चालणं-फिरणं सगळं ठीक झालं, पण डॉक्टरांनी कुस्ती बंद म्हणून सांगितलं. पोरीनं दोन दिवस रडून घेतलं आणि मोकळी झाली. हे रडले नाहीत, त्यामुळे मोकळेही झाले नाहीत. घरात कुस्तीचं नाव काढायचं नाही, असं न सांगताच ठरून गेलं. क्रांती पुण्याला गेली, जिममध्ये नोकरी लागली म्हणाली. ते काही महिने खरंही होतं. नंतर एकदा तिचा फोन आला.

“आई, मी परत कुस्ती करतीय.”

“आगं, गुडघा?”

“ही तसली न्हाई. ही ठरवून करायची. कोण जितणार, कोण हरणार, कुणी कवा पडायचं, सगळं आधी ठरतंय. लोकांस्नी पण ठाव असतंय. नाटकागत.”

“म्हणजी नुरा!”

“आई, हळू बोल,” ती म्हणाली. ती पुण्यात आणि मी घोगरवाडीत, तरी म्हणाली.

ती ज्या मंडळीत होती तिचं नाव ‘कृष्णाकाठ रेसलिंग’. मालक म्हणजे सांगलीच्या विश्रामबागेतला इंद्रजित नावाचा उत्साही माणूस. टीव्हीवर परदेशी पैलवान उड्या मारतात, खुर्च्या फेकतात, तसला खेळ मराठीतून करायचा त्यानं ध्यास घेतला होता. आणि आता तो खेळ पलूसला यायचा होता, रविवारी दुपारी, एका मंगल कार्यालयात.

“आबांनी एकदा बघावं,” क्रांती फोनवर म्हणाली. “मीच इंद्रजितला सांगिटलंय, आबांना पंच म्हणून बोलीव. मी हाय हे मातूर सांगू नगंस. आधी बघू दे. न्हाई आवडलं तर न्हाई म्हणू देत, पण बघून म्हणू देत. माझी कुस्ती शेवटची हाय. तवर त्यास्नी उठू देऊ नगंस. एवढं एक कर.”

“आन् उठलं तर?”

“तर मग मी जन्मभर जिमातच नोकरी करतीय म्हणून सांगायचं.” ती हसली, पण ते हसणं मला काही आवडलं नाही.

मी अंगणवाडीत आयुष्य काढलं. न बसणारी पोरं बसवून ठेवणं हाच माझा धंदा. पण अंगणवाडीतल्या पोराला शेंगदाण्याचा लाडू दाखवता येतो. नायब सुभेदाराला काय दाखवणार?

इंद्रजित नारळ आणि शाल घेऊन आमंत्रण द्यायला आला. ह्यांनी त्याला पायांपासून डोक्यापर्यंत बघून घेतलं.

“कुस्त्या मातीत का मॅटवर?”

“रिंगमध्ये, काका.”

“निकाली का?”

“एकदम निकाली. प्रत्येक कुस्तीचा निकाल लागणार म्हणजे लागणारच.”

इंद्रजित खोटं बोलला नाही. निकाल लागणार होता. तो आदल्या आठवड्यातच लागला होता, एवढंच.

रविवारी आम्ही गेलो. ह्यांनी गुलाबी फेटा बांधला होता, पांढऱ्या कपड्यांना कडक इस्त्री, गळ्यात शिट्टी. कार्यालयात आदल्या दिवशीचं लग्न पुरतं उतरलेलं नव्हतं. जिथं नवरा-नवरी बसतात तिथं दोऱ्या लावलेला चौकोनी मंच होता आणि त्याच्या मागं ‘शुभविवाह’ अशी दिव्यांची अक्षरं लुकलुकत होती. बंद कशी करायची ते कुणाला सापडत नव्हतं. हॉल गच्च भरला होता. कॉलेजची पोरं, लेकुरवाळ्या बायका, शिराळ्याहून टेम्पो करून आलेली मंडळी. आमच्या शेजारी आमच्याच वाडीतले आप्पासो बसले. त्यांनी ही कुस्ती टीव्हीवर वर्षानुवर्षं बघितलेली, आणि त्यांचा तिच्यावर गाढ विश्वास.

“वहिनी,” ते मला म्हणाले, “ह्यात माणसं मरत्यात. दर आठवड्याला मरत्यात.”

“आन् पुढच्या आठवड्याला?”

“परत येत्यात. तयारी असती त्यांची.”

ह्यांना मंचाला लागून, नवऱ्या मुलाची म्हणून असते ती लाल मखमली खुर्ची दिली होती. हातात बिनवायरचा माइक. गळ्यात ‘प्रमुख पंच’ असा पट्टा. इंद्रजितच्या मनात एवढंच होतं, की सुभेदार शोभेला बसतील आणि शेवटी विजेत्याला हार घालतील. खरी पंचगिरी करायला नाथाजी नावाचा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घातलेला बारकेला माणूस मंचावर होता. त्याचं काम सोपं. कुणी पाठीवर पडलं आणि वरच्यानं दाबून धरलं की जमिनीवर थाप मारत तीन मोजायचे. पडलेला बहुतेक वेळा अडीचला उठतो. पुन्हा पडतो, पुन्हा उठतो. एक कुस्ती अशी वीस मिनिटं चालते.

हे ह्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि आमच्या मातीत तीन मोजत नाहीत. दोन्ही खांदे एकदा जमिनीला टेकले की चितपट, कुस्ती संपली, घरी जायचं.

पहिली कुस्ती गुंडा आणि मल्हारची. गुंडा प्रचंड देहाचा, अंगावर खोट्या साखळ्या, तोंडाला काजळ. मल्हार देखणा. धूर सोडला, गाणं लागलं, दोघांनी एकमेकांना शिव्यांसारख्या वाटणाऱ्या पण शिव्या नसलेल्या गोष्टी ऐकवल्या. मग गुंडानं मल्हारला डोक्यावर उचललं, मंचभर फिरवून दाखवलं आणि धाडकन आपटलं. मंचाच्या फळ्या अशा वाजल्या की माझ्या पुढच्या बाईच्या मांडीवरचं बाळ रडायला लागलं.

शिट्टी वाजली.

“चितपट!” हे माइकवर म्हणाले. “गुंडा जितला. फुडची जोड आणा.”

मल्हार पडल्या पडल्याच मान वर करून बघायला लागला. त्याचे सगळे डाव शिल्लक होते. गुंडाला तर शेवटी हरायचं होतं, तो ओशाळून म्हणाला, “काका, आत्ताच सुरू झालीय.”

“आन् आत्ताच संपली. दोन्ही खांदं लागलं. मी काय आंधळा हाय व्हय? हो खाली.”

हॉल हसून हसून लोटपोट झाला. लोकांना वाटलं, हा म्हाताराही खेळातलाच. इंद्रजित पडद्याआडून धावत आला, ह्यांच्या कानाशी लागला, लोकांचं हसणं बघितलं आणि विचार बदलून परत गेला. एवढं हसू त्याला आजवर कुणी मिळवून दिलं नसावं. मात्र आत जाऊन त्यानं पैलवानांना ताकीद दिली असणार, की काय वाटेल ते करा पण पाठ टेकवू नका. कारण पुढच्या कुस्तीत तेच दोघे पुन्हा आले, ‘सुडाची लढत’ म्हणून, आणि एकमेकांना मिठी मारून उभे राहिले ते हलेचनात. आपटायचं नाही म्हटल्यावर त्यांना पुढं काय करायचं ते सुचेना.

“हां, ही कुस्ती,” हे खूश होऊन म्हणाले. “खडाखडी चाललीया. दम काढा, गडी हो.”

लोक कंटाळले, शिट्ट्या मारायला लागले. शेवटी गुंडानं वैतागून मल्हारच्या कानशिलात एक ठोसा लगावला. मल्हार गिरक्या खात दोऱ्यांवर जाऊन पडला. आप्पासोंनी माझा दंड धरला. “मेला!”

पुन्हा शिट्टी. ह्या वेळी हे फेटा सांभाळत दोऱ्यांखालून थेट मंचावर गेले. मल्हारची हनुवटी धरून गाल उजेडाकडं वळवला आणि बारकाईनं बघितला.

“लागला न्हाई,” त्यांनी माइकवर जाहीर केलं. “चार बोटं लांबनं गेला. तरी पडलास कशापायी?”

मल्हारनं गुंडाकडं बघितलं.

“गुंडा, परत मार. नीट मार.”

“काका, लागंल त्याला,” गुंडा काकुळतीला येऊन म्हणाला.

“मग मारतूस कशाला?”

 गुंडा बिचारा एरवी दूध डेअरीत कॅन उचलतो. त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि हाताशी आलेली प्लास्टिकची खुर्ची उगारली. तेही आधी ठरलेलंच असणार. ह्यांनी ती वरच्या वर धरली. “ही कार्यालयाची हाय,” म्हणाले, आणि तिच्यावर बसले.

मग ह्यांच्या ध्यानात आलं. मला लांबून दिसलं, ध्यानात आल्याचं. चेहऱ्यावरचा पंच गेला आणि सुभेदार आला. ते उठले, माइक तोंडाशी धरला.

“मंडळी, ही नुरा हाय. दोघांचं आधी ठरल्यालं हाय. असल्या मैदानात मी थांबणार न्हाई.”

लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. ‘सुभेदार, सुभेदार’ असा पोरांनी ठेका धरला. आजवर नुरा म्हटलं की मैदानात हाणामारी व्हायची, इथं टाळ्या पडत होत्या. ह्यांना ते काही उलगडेना. त्यांनी पट्टा काढून खुर्चीवर ठेवला आणि दाराकडं निघाले.

मी आडवी गेले.

“कुठं निघाला?”

“घरला. चल.”

“आन् शेवटची जोड?”

“ती बी नुराच असणार.”

“असणार म्हणजी? बघितली न्हाई आन् निकाल दिला? आवं, लोकं काय म्हणतील? सुभेदार कुस्ती लागायच्या आधीच निकाल देत्यात म्हणतील. मग त्यांच्यात आन् तुमच्यात फरक काय ऱ्हायला?”

हे माझ्याकडं असं बघत राहिले, जसं काही मीच सरपंचाचा भाचा. पण मुद्दा पंचगिरीचा होता. पंचानं शेवटची कुस्ती सुटल्याशिवाय मैदान सोडायचं नाही, हे त्यांनीच दहा गावांना शिकवलेलं. गुमान परत गेले, पट्टा घातला, हाताची घडी घातली. मी कपाळावरचा घाम पुसला. लाडवाशिवाय बसवलं होतं.

शेवटच्या कुस्तीला सगळे दिवे बंद केले. ‘शुभविवाह’ तेवढं लुकलुकत राहिलं. धूर आला, पुंगी वाजली आणि इंद्रजित पडद्याआडून ओरडला, “सावधान! हिच्या फण्यापुढं कुणाचं चाललं नाही. महाराष्ट्राची सर्वांत दुष्ट, सर्वांत विषारी… नागीण!”

आणि माझी क्रांती आली. हिरवे-काळे चकाकते कपडे, तोंडावर खवल्यांचा रंग, डोळ्यांच्या कडा लाल. जन्म दिला म्हणून मी ओळखली, नाहीतर भ्याले असते. लोकांनी आता तिची हुर्यो उडवायची, असं ठरलेलं होतं. पलूसच्या पोरांनी सुरुवातही केली. पण मधोमध शिराळ्याची मंडळी बसली होती. नागपंचमी हाच ज्यांचा वर्षाचा सण, त्यांच्यापुढं नागीण आलेली. ती सगळी रांग उठून उभी राहिली आणि हात जोडले. दगडाबाई नावाच्या एका म्हातारीनं पिशवीतली हळद-कुंकवाची पुडी सोडून मंचाच्या दिशेनं चिमूट उधळली. हुर्यो उडवणारी पोरं गप्प झाली. त्यातल्या एकानं टोपीसुद्धा काढली.

मागून माया आली. आटपाडीकडची, धनगराची पोर, उंच, ठसठशीत, मंडळीत नवी. तिचं नाव ‘रणरागिणी’. आजची नायिका तीच, तिला आज जिंकवून उभं करायचं होतं. तिनं हात उंचावला तर दगडाबाईनं दम दिला, “ए पोरी, नागाला मारशील तर पाप लागंल!” मायाचा हात अर्ध्यातच खाली आला.

मी मात्र ह्यांच्याकडं बघत होते. क्रांती मंचाची पायरी चढली. उजवा पाय आधी, मग डावा मागून, गुडघा जपत. हे खुर्चीत पुढं सरकले. ती दोऱ्यांतून आत गेली, वाकली, मंचाला हात लावून कपाळाला लावला. माती नव्हती तिथं, नुसतं रेक्झिन होतं. मग मांडीवर शड्डू ठोकला.

हे सावकाश मागं वळले आणि माझ्याकडं बघितलं. मी वर पंख्याकडं बघितलं.

उठून माझ्यापर्यंत आले. “ही कोण?”

“नागीण.”

“कुणाची?”

“शिराळ्याची असंल.”

“शालू!”

चारचौघांत ते मला नावानं हाक मारत नाहीत.  “बघा तर खरं,” मी म्हटलं. “तिनंच बोलीवलंय तुमास्नी. तुमी बघावं म्हणून.”

 हे परत गेले ते खुर्चीवर न बसता दोऱ्यांखालून आत शिरले आणि कोपऱ्यात उभे राहिले. नाथाजीनं घाबरून दुसरा कोपरा धरला.

कुस्ती लागली. मला त्यातलं फार कळत नाही, पण पोरगी काय सुंदर खेळत होती! सरपटत होती, फूत्कारत होती, मायाला दोऱ्यांत अडकवून लोकांना वाकुल्या दाखवत होती. शिराळकर सोडून सगळे चिडले होते, आणि ते चिडावेत म्हणून ती किती झटत होती ते मला दिसत होतं. मग मायानं तिला कमरेला धरून उचललं. क्रांती हवेत आडवी झाली आणि पाठीवर पडली. फळ्या दणाणल्या. माया तिच्यावर आडवी पडली. नाथाजी मोजायला वाकला.

हे त्याच्याआधी पोचले. पंच बघतात तसा त्यांनी खांद्याखाली तळवा सरकवला, फट आहे का बघायला. पण बघून झाल्यावर काढला नाही.

“लागली न्हाई,” म्हणाले.

“सुभेदार, लागली की!” आप्पासो खुर्चीवर चढून ओरडले. “दोन्ही खांदं लागलं!”

“माझा हात हाय मधी. लागली कशी?”

दोघी उठल्या. मायानं पुन्हा उचललं, पुन्हा आपटलं. पुन्हा तळवा खाली. “लागली न्हाई.” तिसऱ्यांदा तर क्रांती पडायच्या आधीच हात तिथं हजर होता. मघाशी एका शिट्टीत कुस्ती सोडवणारा माणूस आता काही केल्या ती सोडवीना. शिराळकर खूश होते. बाकीचा हॉल ‘नुरा, नुरा’ म्हणून ओरडत होता, आणि माझ्या नवऱ्याला जन्मात कुणी ते म्हटलं नव्हतं.

माया दमली. खरोखरची दमली. क्रांतीला उचलून उचलून तिचे हात भरून आले होते. इंद्रजित माझ्याकडं पळत आला. “काकी, तुम्हीच सांगा त्यांना. खेळ संपवायचा कसा? पाच वाजता इथं हळद आहे.”

मी मंचाच्या कडेला गेले. चौथ्यांदा पडली होती क्रांती. माया तिच्यावर पालथी पडून धापा टाकत होती. हे गुडघ्यावर, तळवा लेकीच्या खांद्याखाली. मी काही बोलायच्या आधीच ती हलक्या आवाजात बोलली. डोळे मिटलेले, ओठ जेमतेम हलत होते.

“आबा, हात काढा.”

“पाठ लागंल.”

“लागू द्या. मला हरायचंय.”

“मोहित्याची पोर ठरवून हरणार न्हाई.”

“ठरवून हरणं हेच माझं काम हाय, आबा. माया नवी हाय. तिनं उचलल्यावर मी अंग सोडलं, मान आत घेतली, गुडघा वर ठिवला. म्हणून एवढी दणकून आपटली तरी मला लागलं न्हाई, आन् लोकांस्नी ती वाघीण वाटली. हे शिकाय मला लय दीस गेलं. तुमी बघत हुता ना?”

“बघत हुतो.”

“मग सांगा. मी कशी पडले?”

 मला तेव्हा त्यांची दया आली. साखरपुड्यात भाताचं खरं सांगणारा माणूस, आता स्वतःच्या तोंडून काय सांगणार? त्यांना खोटं बोलता येत नाही, हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. म्हणूनच तिनं विचारलं होतं. जबडा हलला, मिशी हलली.

“चांगली पडलीस,” ते म्हणाले.  “लय चांगली पडलीस.”

“मग द्या की चितपट.”

त्यांनी हात काढला. हळूच, निजलेल्या लेकराच्या मानेखालून काढावा तसा. क्रांतीचा खांदा रेक्झिनवर टेकला. हे अगदी खाली वाकून बघत होते, गालाला जमीन लागेल इतके, कुठल्याही जत्रेत बघावं तसं. एक खांदा बघितला. दुसरा बघितला.

शिट्टी वाजवायला गेले तर फुंकर निघेना. तोंडानंच ओरडले, “चितपट!”

नाथाजी म्हणाला, “तीन मोजू का?” त्याच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

हॉल नुसता उसळला. माया उठून उभी राहिली तर रडायलाच लागली, दमणुकीनं म्हणा किंवा कशानं. ह्यांनी तिचा हात धरून उंच केला, चारी बाजूंना फिरवून दाखवला. शिराळकरांनी तोंडं फिरवली. दगडाबाई ह्यांना उद्देशून काहीबाही बोलली, ते इथं लिहिण्यासारखं नाही. ठरल्याप्रमाणं नागीण मरून पडलेली होती आणि आता तिला पांढऱ्या चादरीत गुंडाळून न्यायचं होतं. गुंडा चादर घेऊन आलाही.

ह्यांनी त्याला हातानं थांबवलं आणि माइक घेतला. जत्रेत कुस्ती सुटल्यावर पैलवानाचं नाव पुकारतात, बापाच्या आणि गावाच्या नावासकट. तो आवाज मी गुडघ्याच्या ऑपरेशनपासून ऐकला नव्हता.

“कुस्ती निकाली झाली. जितली, पैलवान माया, आटपाडी.”

टाळ्या पडल्या. 

“चितपट झाली, पैलवान क्रांती लालासाहेब मोहिते. गाव घोगरवाडी.” मग माइक खाली घेतला, काहीतरी राहिल्यासारखा पुन्हा वर घेतला. “माझी लेक हाय.”

पडद्याआड इंद्रजितनं कपाळावर हात मारला. नागिणीचं खरं नाव गुपित राहावं म्हणून त्यानं केवढी खटपट केली होती! आप्पासो माझ्याकडं वळून म्हणाले, “वहिनी, आपली क्रांती नागीण हाय?” आणि मग, जरा विचार करून, “कवापासनं?”   इतका वेळ मी सगळ्यांना हसत होते, आता पदर तोंडात धरून त्या मंचाच्या कडेला उभी होते आणि सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. शिराळकरसुद्धा.

नागीण मेलेलीच होती. मेलेलीच राहायचं होतं तिला. पण तिचे खांदे हलत होते आणि हिरवा रंग डोळ्यांच्या कोपऱ्यातून कानापर्यंत ओघळला होता. हे तिच्याजवळ बसले आणि फेट्याच्या शेमल्यानं तो ओघळ पुसायला लागले. पुसला जाईना, नुसताच पसरला.

“गुडघा?” त्यांनी विचारलं.

“बरा हाय.”

“परत कवा पडणार हायस?”

“फुडच्या रविवारी. विट्याला.”

“येतो मी.”

“या,” ती डोळे न उघडता म्हणाली. “पर पंच म्हणून नगा येऊ.”

“मग काय म्हणून येऊ?”

“नुसतं बघाय या, आबा.”